मोत्या पाणी किती पितो?

तुमच्या घरी कुत्रा असेल तर त्याचा रंग, त्याच्या खोड्या, त्याला आवडणारी भाकरी यांविषयी तुम्ही तासभर बोलाल. पण तो दिवसाला किती पाणी पितो, असे विचारले तर? बहुतेक जण भांड्याचा आकार हातानेच दाखवतील. हाताची खूण म्हणजे मापन नव्हे. आणि कुत्रा म्हातारा झालेला असेल, तर त्याच्यावर कोणते उपचार करावेत हे पुष्कळदा या मापनावरच ठरते.

एक उदाहरण घेऊ. समजा, नारायणगाव आणि मंचर यांच्या मधल्या पट्ट्यात उसाच्या कडेला एक वस्ती आहे आणि तिथे मोत्या नावाचा वीस किलो वजनाचा, दहा वर्षांचा गावठी कुत्रा आहे. जुन्नर-आंबेगावात कुत्र्याने दहा वर्षे काढणे ही साधी गोष्ट नाही. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार बिबट्याच्या आहारात, वजनाच्या हिशेबाने, सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. तेव्हा आपला मोत्या नशीबवान, किंवा त्याचे मालक सावध.

गेल्या काही महिन्यांत मोत्याचे पोट सुटले आहे. पाठीवरचे केस दोन्ही बाजूंनी सारखेच विरळ झाले आहेत, पण खाज नाही. भूक वाढली आहे, बसल्या जागी धाप लागते. रात्री तीन-चार वेळा लघवीसाठी तो दार खरवडतो. आजोबा म्हणतात, "म्हातारा झालाय, दुसरं काय!" पुण्याला असणारा काका फोनवर सांगतो, "हार्मोनची तपासणी करून घ्या." दोघांचेही म्हणणे बरोबर असू शकते. अडचण आहे ती इथेच.

दुसऱ्या एखाद्या गावी रात्री दार उघडून कुत्र्याला सोडले असते. इथे दोन वाजता उसाच्या कडेला त्याला एकटे सोडता येत नाही. कुणीतरी बॅटरी आणि काठी घेऊन बरोबर जायला हवे, आणि त्या माणसालाही धोका आहेच. मग घरातील कुणीतरी तोडगा काढतो: रात्री पाण्याचे भांडे उचलून ठेवायचे. हे मात्र कधीही करू नका. अशा आजारांत शरीर पाणी धरून ठेवू शकत नाही, लघवीवाटे ते निघून जाते, म्हणून कुत्रा पितो. भांडे उचलल्याने लघवी थांबत नाही. कुत्रा मात्र शुष्क होतो.

आता मोजू. सकाळी सात वाजता मोजपात्राने तीन लिटर पाणी भांड्यात ओता. दिवसात पुन्हा भरावे लागले तर तेही लिहा. दुसऱ्या दिवशी सातला उरलेले मोजा आणि वजाबाकी करा. उन्हाने किती उडाले? तसेच दुसरे भांडे, तेवढेच पाणी घालून, शेजारी पण कुत्र्याच्या तोंडापलीकडे ठेवा. त्यातील घट ही बाष्पीभवनाची. ती वजा करा. प्रयोगशाळेत आपण ज्याला नियंत्रण म्हणतो ते हेच. गुरांची दावण, ठिबकची गळकी नळी, पाटाचे पाणी ही तीन ठिकाणे हिशेब बिघडवतात, त्यांवर लक्ष ठेवा. दूध-भाकरीतील दूधही नोंदवा. असे पाच दिवस करून सरासरी काढा. कुत्र्याच्या वजनासाठी कांद्याचा काटा चालेल: आधी तुम्ही कुत्र्याला घेऊन उभे राहा, मग एकटे.

निरोगी कुत्रा दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ४० ते ६० मिलिलिटर पाणी पितो. हा आकडा १०० च्या वर गेला तर तहान खरोखर वाढली असे पशुवैद्य मानतात. मोत्याच्या बाबतीत ही सीमा २ लिटर. एप्रिल-मे महिन्यांत उकाड्याने आकडा चढतो, म्हणून शंका आल्यास थंड दिवसांत पुन्हा मोजावे. समजा, मोत्याची सरासरी २.६ लिटर आली. म्हणजे दर किलोला १३० मिलिलिटर. आजोबांचे "म्हातारपण" एवढ्या पाण्याचा हिशेब देऊ शकत नाही.

पुढचे मापन लघवीचे. सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत धरून पशुवैद्यांकडे न्यावी. ते तिचे विशिष्ट गुरुत्व पाहतात. दूध डेअरीवरचा लॅक्टोमीटर तुम्ही पाहिला असेल. त्याचा २८ हा आकडा म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२८. इथे मात्र थेंबभर द्रवावर काम भागावे म्हणून अपवर्तनमापी वापरतात. द्राक्षबागाईतदार मण्यांतील साखर पाहायला जे दुर्बिणीसारखे नळकांडे डोळ्याला लावतात, त्याचाच हा भाऊ. द्रवात विरघळलेले पदार्थ जास्त तितका प्रकाशकिरण अधिक वाकतो. निरोगी कुत्र्याची सकाळची लघवी बहुधा १.०३० पेक्षा दाट असते. ती १.०२० च्या खाली असेल तर मूत्रपिंडे पाणी राखत नाहीत.

पण एवढ्यावरून संप्रेरकांचा आजार सिद्ध होत नाही. मूत्रपिंडे निकामी होत असली तरी लघवी पातळ होते; रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळते. मधुमेह असेल तर लघवीत साखर सापडते, त्यासाठी रंग बदलणारी पट्टी पुरते. मादी असेल आणि तिची नसबंदी झालेली नसेल, तर गर्भाशयात पू झाला आहे का हे तातडीने पाहावे लागते. या तपासण्या स्वस्त आहेत आणि तालुक्याच्या ठिकाणी होण्याजोग्या आहेत, म्हणून त्या आधी. आणि सर्वांच्या आधी एक प्रश्न: मोत्याला खाजेसाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने, गोळ्या किंवा मलमे चालू होती का? याचे कारण समजण्यासाठी मळ्यातील पाण्याच्या टाकीकडे जावे लागेल.

टाकीत एक तरंगता गोळा असतो. पाणी चढले की गोळा वर जातो आणि झडप बंद होते. पाणी उतरले की झडप उघडते. शरीरात कॉर्टिसॉल नावाच्या संप्रेरकाची पातळी अशीच राखली जाते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आहे. ती म्हणजे गोळा. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन अधिवृक्क ग्रंथी आहेत. त्या म्हणजे नळ. पीयूषिका ए.सी.टी.एच. नावाचा निरोप पाठवते, अधिवृक्क कॉर्टिसॉल सोडते, आणि कॉर्टिसॉल वाढले की निरोप थांबतो. इंजिनिअर मंडळी याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात.

पीयूषिकेत गाठ झाली तर गोळा खालीच अडकतो आणि नळ वाहत राहतो. कुत्र्यांत शंभरापैकी ८० ते ८५ वेळा असे घडते. उरलेल्यांत अधिवृक्क ग्रंथीतच गाठ असते, म्हणजे नळच फुटतो, मग गोळा काही का सांगेना. सोनोग्राफीत हा फरक बहुधा कळतो. या विकाराला अमेरिकन शल्यवैद्य हार्वे कुशिंग यांचे नाव आहे. त्यांनी १९१२ मध्ये अशा माणसाचे वर्णन केले आणि १९३२ मध्ये त्याचा संबंध पीयूषिकेशी जोडला. माणसात तो विरळा. म्हाताऱ्या कुत्र्यांत त्या मानाने पुष्कळ आढळतो.

आणि स्टेरॉइड? तो बाहेरून आलेला टँकर. टँकर रोज येऊन टाकी भरून जाऊ लागला की लक्षणे हुबेहूब कुशिंगची दिसतात, पण झडप मात्र बंद राहून गंजलेली असते. म्हणून अशा कुत्र्याचे औषध एकदम थांबवले तर टाकी कोरडी पडते आणि कुत्रा कोसळू शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवणे हाच त्याचा उपचार. आपल्याकडे खाजेवर स्टेरॉइड सहज टोचले जाते, म्हणून हा प्रश्न मी पहिला ठेवला.

मोत्याला असे औषध दिलेले नाही, साखर नाही, मूत्रपिंडे ठीक आहेत, असे धरू. आता संप्रेरकाची तपासणी. डॉक्टर डेक्सामेथासोन नावाचे कृत्रिम स्टेरॉइड अगदी थोडे, दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, टोचतात. जणू टाकीत बादलीभर रंगीत पाणी ओतले. गोळा ते ओळखतो, पण प्रयोगशाळेचे मापन त्याला कॉर्टिसॉल म्हणून मोजत नाही. निरोगी कुत्र्यात झडप बंद होते आणि आठ तासांनी रक्तातील कॉर्टिसॉल साधारण १.४ मायक्रोग्रॅम प्रति १०० मिलिलिटरच्या खाली जाते. कुशिंगमध्ये ते खाली राहत नाही. हे प्रमाण किती सूक्ष्म! १०० मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅम म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. इतके थोडे संप्रेरक मोजण्याची वाट रोझलिन यालो आणि सॉलोमन बेर्सन यांनी किरणोत्सारी अणूंची खूण वापरून १९५० च्या दशकात काढली. यालो अणुभौतिकीच्या डॉक्टरेट. त्यांना १९७७ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. भौतिकीच्या शिक्षकाने एवढा अभिमान मिरवायला हरकत नसावी.

मग काकाचे ऐकून सरसकट तपासणी का करू नये? कारण कॉर्टिसॉल भीतीनेही वाढते आणि दुसऱ्या आजारानेही. नारायणगावाहून पुणे सुमारे ७५ किलोमीटर. जीपमधून इतका प्रवास, मग अनोळखी जागी आठ तास, त्यात तीन वेळा सुई. खोडदच्या महादुर्बिणीजवळ मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण जवळच्या गोंगाटात दूरचा संदेश हरवतो. इथे तोच प्रकार.

थोडे गणित करू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. समजा ही तपासणी १०० आजारी कुत्र्यांपैकी ९५ ओळखते, पण हा आजार नसलेल्या १०० पैकी ३० जणांनाही चुकून आजारी ठरवते. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय नोंदींत सर्व वयांच्या हजार कुत्र्यांमागे दोन-तीन कुशिंगचे आढळले. म्हातारे कुत्रे म्हणून आपण हजारात २० धरू. या हजारांची सरसकट तपासणी केली तर २० पैकी १९ पकडले जातील, आणि उरलेल्या ९८० पैकी २९४ विनाकारण. एकूण ३१३ जणांवर शिक्का, खरे त्यांतील १९: शंभरात सहा.

आता लक्षणे पाहून, पाणी मोजून, इतर कारणे वगळून निवडलेले हजार घ्या. त्यांतील निम्म्यांना आजार आहे असे धरा. मग ४७५ खरे आणि १५० खोटे, म्हणजे शंभरात ७६. यंत्र तेच, रक्ताचे थेंब तेवढेच. फरक पडला तो घरी मोजपात्र घेऊन घालवलेल्या पाच दिवसांनी.

अवटू ग्रंथीच्या तपासणीतही हीच फसगत होते. तिचे टी-४ हे संप्रेरक कमी आले की गोळ्या सुरू करण्याचा मोह होतो. पण दुसऱ्या कोणत्याही मोठ्या आजारात टी-४ खाली उतरते. गोचिडतापातही उतरू शकते. सोबत पीयूषिकेचे टी.एस.एच. पाहिल्याशिवाय आणि कुत्रा सुस्त, थंडी न सोसणारा, खाणे तेच असून वजन वाढलेला आहे का हे तपासल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. मोत्याची तहान तर अवटूच्या कमतरतेत सहसा दिसत नाही.

प्रवास टाळायचा असेल तर आणखी एक वाट आहे. घरीच सकाळी धरलेल्या लघवीत कॉर्टिसॉल आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढतात. कुत्रा घरी निवांत असताना नमुना घेतलेला असावा. ते गुणोत्तर साधे आले तर कुशिंगची शक्यता बरीच मावळते आणि पुण्याची फेरी वाचते. जास्त आले तर मात्र सिद्ध काहीच होत नाही. पुढे जावे लागते.

समजा, निदान झाले. तरी औषध द्यायचेच का? इथे माझे मत स्पष्ट आहे: रक्तातील आकड्यासाठी औषध देऊ नये, कुत्र्याच्या त्रासासाठी द्यावे. ज्या कुत्र्याला तहान नाही, धाप नाही, त्वचेचे विकार नाहीत, त्याला बहुधा लक्ष ठेवून तसेच राहू देतात. कारण औषधे बोथट नाहीत. जुने औषध मायटोटेन हे डी.डी.टी.च्या नात्यातले, १९४९ मध्ये डी.डी.डी. हे कीटकनाशक खाऊ घातलेल्या कुत्र्यांच्या अधिवृक्क ग्रंथी झिजलेल्या आढळल्या, त्यातून ते निघाले. आज प्रामुख्याने ट्रायलोस्टेन देतात. अमेरिकेत कुत्र्यांसाठी त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली. ते कॉर्टिसॉल तयार होण्याची एक पायरी अडवते, गाठ मात्र घालवत नाही. म्हणून ते आयुष्यभर, जेवणाबरोबर द्यावे लागते, आणि सुरुवातीला दोन आठवड्यांच्या आत, मग महिन्याने, मग दर तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवावे लागते. हे औषध नियमित मिळत राहील का आणि या फेऱ्या घराला झेपतील का, हे पहिल्या गोळीपूर्वीच विचारून घ्यावे.

आपल्या मोत्याच्या बाबतीत पारडे औषधाकडे झुकते. त्याची तहान म्हणजे रात्रीच्या चार फेऱ्या, आणि बाहेर ऊस उभा आहे. औषध लागू पडले तर पाण्याचा आकडा काही आठवड्यांत उतरताना दिसेल. केस यायला महिने लागतील. तेव्हा पाण्याची वही बंद करू नका. तीच वही पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. आणि मोत्याने खाणे सोडले, उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा तो पाय ओढत चालू लागला, तर टाकी गरजेपेक्षा जास्त रिकामी होत आहे असे समजा. पुढची गोळी देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.