पेटींतलें विमान आणि पहिलें विमान

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून कित्येक श्रोत्यांना वाटेल कीं, मुलांच्या कार्यक्रमांतला कागद चुकून माझ्या हातीं आला आहे. पुठ्ठ्याच्या पेटींत मिळणारें प्लॅस्टिकचें विमान, त्याचे तुकडे चिकटवून केलेली प्रतिकृति, हा मुलांचा खेळ आहे हें मी नाकारीत नाहीं. परंतु जें विमान पेटींत नाहीं तें पेटींतल्या तुकड्यांतून काढावयाचें असें एकदां मनांत घेतलें, म्हणजे त्या खेळांत इतिहास, यंत्रविद्या आणि सुतारकाम हीं तिन्ही शिरतात, आणि खेळणाऱ्याचें वय कितीही असलें तरी त्याची परीक्षा होते. माझी ती कशी झाली, तें सांगतों.

अशा पेट्यांचा उगम फार जुना नाहीं. ‘फ्रॉग’ या नांवानें उडणारीं खेळण्यांतलीं विमानें विकणाऱ्या इंग्रज मंडळींनीं १९३६ सालीं न उडणाऱ्या विमानांची एक मालिका काढली, आणि ज्या पक्ष्याला उडतां येत नाहीं त्याचेंच नांव तिला दिलें: पेंग्विन. सेल्युलोज ॲसिटेटचे सांच्यांत घातलेले तुकडे त्या पेट्यांत असत. प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट, तो प्रतिकृतींतला एक इंच. पुढें ॲसिटेटची जागा पॉलिस्टिरीननें घेतली, कारण ॲसिटेट काळानें वांकडें होतें. पण प्रमाण मात्र कायम राहिलें. माझ्यापुढें जें विमान आहे त्याचे पंख खऱ्या विमानांत टोकापासून टोकापर्यंत सुमारें ३७ फूट भरत. येथें ते सहा इंचांहून किंचित् अधिक आहेत.

योगायोग असा कीं, ज्या वर्षीं पेंग्विन बाजारांत आले त्याच वर्षीं, ५ मार्च १९३६ रोजीं, साउदॅम्प्टनजवळच्या ईस्टले विमानतळावरून सुपरमरीन कंपनीचें एक नवें लढाऊ विमान प्रथमच आकाशांत गेलें. रचनाकार रेजिनाल्ड मिचेल, चालक कॅप्टन समर्स, विमानाचा क्रमांक के ५०५४. यासच पुढें जग स्पिटफायर म्हणून ओळखूं लागलें. या एका विमानामागून वीस हजारांहून अधिक स्पिटफायर विमानें बांधलीं गेलीं. आपल्याकडील बडोदें संस्थानाच्या देणगीवरून ज्या १२४ क्रमांकाच्या तुकडीस ‘बडोदें’ हें नांव मिळालें, तिचीं विमानेंही स्पिटफायरच होतीं. दुकानांतल्या पेटींत मिळतें तें या संततीपैकीं कोणतें तरी. घराण्याचा मूळ पुरुष मात्र क्वचितच हातीं लागतो, म्हणून तो आपणच घडवावा असें माझ्या मनानें घेतलें. त्यासाठीं ‘मार्क एक’ या आरंभींच्या स्पिटफायरची पेटी आणली, कारण नात्यानें तेंच सर्वांत जवळचें.

बाप आणि लेक यांच्यांत साम्य पुष्कळ असतें, पण कामाला बसलें म्हणजे फरकच दिसूं लागतात. मार्क एकच्या पंखांत आठ मशीनगन असतात; आद्य विमान प्रथम उडालें तेव्हां त्याच्यांत एकही नव्हती. म्हणून पंखाच्या पुढच्या कडेवरचीं आठ भोंकें, खालच्या बाजूच्या, रिकामीं काडतुसें बाहेर पडण्याच्या फटी, आणि वरचीं झांकणें हें सर्व लांबीनें भरून, पाण्यांत भिजविलेल्या पॉलिश-कागदानें घासून सपाट करावें लागतें. हें काम कंटाळवाणें आहे. लांबी वाळली म्हणजे आंखडते, आणि काल सपाट दिसलेल्या जागीं आज खळगा पडतो. एकेका भोंकास तीन तीन वेळां भरणें मला भाग पडलें.

पेटींतल्या पंख्याला तीन पातीं होतीं. आद्य विमानाचा पंखा लांकडाचा, दोन पात्यांचा आणि स्थिर कोनाचा होता. मूळचा लांकडी, तर मींही तो लांकडाचाच कोरावा, असें मला वाटलें. दोन इंचांहून आंखूड अशी ती काडी, तिला पीळ देऊन दोन दिवस कोरली, पॉलिश केली, आणि विमानाच्या नाकावर बसवून पाहिली तों लक्षांत आलें कीं पीळ उलटा दिला आहे! मर्लिन इंजिनाचा पंखा चालकाच्या बैठकीवरून पाहतां घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें फिरतो; माझ्या पंख्यानें इंजिन सुरू होतांच विमान मागें गेलें असतें. ही चूक टेबलावर कोणाच्या ध्यानांतही आली नसती. तरी तो पंखा मीं फेकून दिला आणि दुसरा कोरला. या पंख्याला त्या विमानाच्या चरित्रांत मोठें महत्त्व आहे. पहिल्या उड्डाणासाठीं मुद्दाम कमी कोनाचा पंखा बसविला होता, कारण त्यानें विमान लवकर उचलतें. पुढें वेग मोजला तेव्हां तो ताशीं ३३५ मैलांच्या आसपासच भरला आणि मंडळी हिरमुसलीं. पंख्याचा आकार सुधारतांच तोच वेग ३४८ वर गेला. एका लांकडी पंख्याच्या घडणीवर एवढें अवलंबून होतें.

चालकापुढची कांच हा त्याहून नाजूक भाग. पुढें युद्धांत गोळी अडविणारी जाड सपाट कांच आली, आणि डोक्यावरचें पारदर्शक झांकणही फुगीर झालें. आद्य विमानाची पुढची कांच गोलसर आणि झांकण सपाट होतें. हवी ती कांच पेटींत नसेल तर ती अशी करतात. लांकडाचा तेवढाच ठोकळा कोरावयाचा, पण पारदर्शक पत्र्याच्या जाडीइतका सर्व बाजूंनीं लहान. एका फळीला त्याच आकाराचें भोंक पाडावयाचें, त्यावर प्लॅस्टिकचा पारदर्शक पत्रा ताणून बसवावयाचा, आणि तो स्टोव्हवर धरून लिबलिबीत होतांच ठोकळ्यावर झटकन् दाबावयाचा. उष्णता कमी झाली तर पत्रा फाटतो, अधिक झाली तर त्यांत बुडबुडे येतात. सातव्या पत्र्याला मला यश आलें. घरांतल्या मंडळींचें स्वयंपाकघर तोंवर माझ्या ताब्यांत होतें, हें त्यांनीं अजून विसरून टाकलेलें नाहीं.

शेपटीखालीं पेटींत चाक आहे. आद्य विमानाला आरंभीं चाक नव्हतें, नुसतें जमिनीवर घासत जाणारें टेकण होतें. तें मीं टांचणी वांकवून केलें. चाकांच्या पायांवरच्या झडपाही निराळ्या. मार्क एकमध्यें चाक मिटल्यावर त्याचा कांहीं भाग उघडाच राहतो. आद्य विमानांत तेवढा भाग झांकण्यासाठीं खालीं आणखी एक बिजागरीची झडप जोडलेली होती, ती नंतर काढून टाकली. कागदाइतक्या पातळ प्लॅस्टिकमधून ती कापली.

पृष्ठभागाविषयीं मात्र थोडें थांबून सांगितलें पाहिजे. विमानाचे पत्रे असंख्य रिव्हेटांनीं जोडलेले असतात. रिव्हेटाचें डोकें पत्र्याशीं सपाट ठेवलें तर वारा अडत नाहीं, परंतु तसें काम वेळखाऊ आणि महाग. गोल डोक्याचे रिव्हेट स्वस्त आणि झटपट. कोठें स्वस्त चालतील आणि कोठें नाहीं हें ठरवावयाचें कसें? सुपरमरीनच्या लोकांनीं वाळलेल्या वाटाण्याची डाळ आणली. सपाट रिव्हेटांवर एकेक डाळ चिकटविली, म्हणजे सर्व रिव्हेट गोल डोक्याचे झाल्यासारखें झालें, आणि विमान उडवून वेग मोजला. तो ताशीं सुमारें २२ मैलांनीं उतरला होता असें सांगतात. मग एकेका भागावरची डाळ खरवडून काढीत पुनःपुन्हां उड्डाणें केलीं, आणि कोणत्या जागीं गोल डोक्यानें कांहीं बिघडत नाहीं हें नक्की केलें. लाखों रुपयांची उपकरणें ज्या प्रश्नासाठीं मागवावीं, तो वाण्याच्या दुकानांतल्या जिनसेनें सुटला! प्रतिकृतीच्या पेट्यांवर हौसेनें उठविलेले रिव्हेट मी निर्दयपणें घासून टाकतों, तें याच कारणासाठीं. त्या प्रमाणांत ते खरोखरच डाळीएवढे दिसतात.

रंगाचें प्रकरण राहिलें. पहिल्या उड्डाणाच्या वेळीं विमानाला शेवटचा रंग दिलेला नव्हता. नंतर त्याचा पृष्ठभाग भरून, घासून त्यावर फिक्कट निळसर करडा, आरशासारखा चकचकीत रंग चढविला. छायाचित्रें काळींपांढरीं, त्यामुळें निळा किती आणि करडा किती यावर हौशी लोकांचे वाद चालतात. मला चकाकी साधली कीं पुरे होतें, पण तिनेंच मला दगा दिला. मुंबईच्या पावसाळ्यांत असा रंग देऊं नये. रंगांतला पातळ करणारा द्रव झपाट्यानें उडतो, उडतांना पृष्ठभाग थंड करतो, आणि दमट हवेंतलें पाणी त्या ओल्या रंगांत बसून त्यावर दुधासारखी पांढरी छटा आणतें. सर्व रंग उतरवून मीं दसऱ्यापर्यंत वाट पाहिली.

अखेर विमान तयार झालें, आणि मीं तें मोठ्या अभिमानानें माझ्या नातवाच्या हातीं दिलें. भिंतीवर त्याच विमानाचें छायाचित्र मीं लावलेलें होतें. मुलगा एकदां विमानाकडे, एकदां भिंतीकडे पाही. शेवटीं म्हणाला, “आजोबा, फोटोंत ह्या नळ्या नाहींत.”

नळ्या म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर टाकणारीं धुराडीं. आद्य विमानांत तीं आरंभीं अंगाबरोबर सपाट होतीं; मागें वळलेल्या, धुराच्या जोरानें विमानाला किंचित् पुढें ढकलणाऱ्या नळ्या त्याला फार उशिरां लाभल्या. पेटींतल्या नळ्या मीं विचार न करतां चिकटविल्या होत्या. मी सारवासारव करूं लागलों, तों दुसरा प्रश्न आला: “मग चाकांवरचीं झांकणें कां नाहींत?” तीं मीं बुद्धिपुरस्सर गाळलीं होतीं! कापून ठेवलेल्या झडपा डबींतच होत्या. पहिल्या दिवशीं चाकें खालींच कुलपबंद ठेवून उड्डाण केलें होतें आणि झडपा बसविल्याच नव्हत्या, हें वाचल्यावर शेवटच्या क्षणीं मला तें रूप अधिक ऐतिहासिक वाटलें होतें. आतां हिशेब पाहा. चाकें ५ मार्चचीं, रंग त्यानंतरच्या आठवड्यांतला, धुराडीं आणखी पुढच्या काळांतलीं. असें विमान कोणत्याही दिवशीं, कोणत्याही आकाशांत नव्हतें.

मूळ विमान कोठें जपून ठेवलेलें असतें, तर ‘आज तें असेंच दिसतें’ म्हणून सुटतां आलें असतें. पण तें नाहीं. टँगमेअरच्या संग्रहालयांत त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृति आहे, ती प्रतिकृतिच. पहिल्या उड्डाणाहून उतरल्यावर समर्स म्हणाला होता कीं, कशालाही हात लावूं नका. त्याचा भावार्थ इतकाच होता कीं, पुढच्या उड्डाणापर्यंत आहे तें आहे तसेंच ठेवा. पण ‘विमान निर्दोष ठरलें’ अशी त्याची दंतकथा झाली. वस्तुतः त्यानंतर हात लावण्याचेंच काम चाललें होतें. पंखा बदलला, सुकाणूच्या वरच्या टोंकाचा तोल साधणारा भाग फार मोठा होता तो लहान केला, झडपा आल्या आणि कांहीं गेल्या, बंदुका बसल्या, उत्तरायुष्यांत निळा रंग जाऊन लष्करी रंग आला.

मिचेल हें सर्व आपल्या मोटारींत बसून पाहत असे. १९३३ मध्यें त्याच्यावर कर्करोगासाठीं मोठी शस्त्रक्रिया झालेली होती. विमानखात्यानें ३ जून १९३६ रोजीं ३१० विमानांची मागणी नोंदविली, तें त्याला पाहावयास मिळालें. १९३७ च्या ११ जूनला, वयाच्या ४२ व्या वर्षीं, तो गेला. कारखान्यांतून बाहेर पडलेलें पहिलें स्पिटफायर मे १९३८ मध्यें उडालें. म्हणजे ज्या विमानानें त्याचें नांव अजरामर केलें, त्या जातीचें त्यानें उडतांना पाहिलेलें विमान एकच, आणि तें रोज थोडें थोडें बदलत होतें. नातवाच्या प्रश्नानंतर मला हें प्रथमच नीट उमगलें. या विमानाची प्रतिकृति करणें म्हणजे एक दिवस निवडणें, आणि त्या दिवशीं मिचेलनें मोटारीच्या कांचेतून जें पाहिलें असेल त्याच्याशीं इमान राखणें.

मीं १९३६ च्या वसंतांतले, नवा रंग दिल्यानंतरचे दिवस निवडले. सूक्ष्म करवतीनें नळ्या कापून काढल्या, त्या जागीं सपाट पट्ट्या बसविल्या, डबींतल्या झडपा जोडल्या. सुकाणू पेटींतलेंच चाललें, कारण तोंवर मूळ विमानाचेंही लहान केलेलें होतें. कापतांना रंग दोन ठिकाणीं उडाला, म्हणून ती बाजू पुन्हां घासली आणि रंगविली. दिवाळी त्यांत गेली.

मूळ विमानाचा शेवट ४ सप्टेंबर १९३९ रोजीं झाला. इंग्लंडनें युद्ध पुकारल्याचा तो दुसरा दिवस. फार्नबरो येथें उतरतांना तें उसळलें आणि उलटें पडलें. चालक प्राणास मुकला. विमान दुरुस्त केलें नाहीं. हें मीं नातवाला सांगितलें, तेव्हां त्यानें चालकाचें वय विचारलें, आणि मग पेटींत उरलेले तुकडे मोजूं लागला. तीन पात्यांचा पंखा, शेपटीचें चाक आणि बंदुकींच्या नळ्या एवढें उरलें आहे. त्याचें त्याला दुसरें विमान करावयाचें आहे. त्याचा दिवस कोणता, हें मात्र त्यानें अजून ठरविलेलें नाहीं.