शब्द, तलवार आणि पडदा : 'स्कारामुश'च्या माध्यमांतराचा विचार

१

साहित्यकृतीच्या माध्यमांतराची चर्चा मराठीच्या अभ्यासकांना नवी नाही. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला 'सिंहासन' (१९७९) किंवा व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरील 'बनगरवाडी' (१९९५) यांसारख्या चित्रपटांच्या निमित्ताने ती वेळोवेळी झाली आहे. मात्र ही चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते : चित्रपट मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक राहिला? कोणते प्रसंग ठेवले, कोणते गाळले, शेवट बदलला की काय, याची यादी तयार होते आणि त्या यादीलाच समीक्षेचे रूप येते.

साहसकादंबरीच्या वाट्याला तर हा प्रश्नही येत नाही. मूळ कादंबरी रंजनपर, तिच्यावरचा चित्रपटही रंजनपर. तेव्हा त्यात प्रामाणिकपणा कोणाचा आणि कशाशी तपासायचा, अशी एक समजूत आढळते. तलवारबाजीच्या चित्रपटांना इंग्रजीत 'स्वॉशबक्लर' म्हणतात. हा शब्द सोळाव्या शतकापासून वापरात आहे आणि त्याचा मूळ अर्थ गौरवाचा नाही. लहान ढालीवर तलवार आपटून आवाज करणारा, लढण्यापेक्षा लढण्याचा आव आणणारा मनुष्य, असा तो अर्थ आहे. या चित्रप्रकाराकडे पाहण्याची समीक्षकांची दृष्टीही बरीचशी अशीच राहिली : आवाज फार, आशय थोडा.

राफाएल सबातिनी (१८७५–१९५०) यांची 'स्कारामुश' (१९२१) ही कादंबरी आणि तिच्यावरील १९५२चा जॉर्ज सिडनी दिग्दर्शित चित्रपट यांच्या आधारे ही समजूत तपासून पाहता येते. माध्यमांतराचे मूल्यमापन करताना गाळलेल्या प्रसंगांची संख्या मोजून भागत नाही. मूळ कृतीच्या केंद्रस्थानी असलेल्या प्रश्नाचे नव्या माध्यमात काय झाले, हे पाहावे लागते. 'स्कारामुश'च्या बाबतीत हा प्रश्न नेमकेपणाने सांगता येतो : ज्याच्या हाती तलवार आहे त्याला केवळ शब्दाने उत्तर देता येते काय?

२

सबातिनी इटलीत जन्मले. त्यांचे वडील इटालियन, आई इंग्रज आणि दोघेही संगीतिकांमधील गायक. सबातिनींनी लेखन केले ते इंग्रजीत. 'स्कारामुश'चे कथानक १७८८ पासून १७९२च्या ऑगस्टपर्यंतच्या फ्रान्समध्ये, म्हणजे राज्यक्रांतीच्या उंबरठ्यावर आणि तिच्या पहिल्या पर्वात घडते. कादंबरीचे तीन भाग आहेत आणि त्यांना वेषभूषेतील वा हातातील वस्तूंची नावे दिली आहेत : वकिलाचा झगा, नटाचे उंच पादत्राण आणि तलवार. नायक आंद्रे-लुई मोरो हा प्रथम वकील, मग नट आणि अखेर तलवारबाज होतो. झगा व पादत्राण ही शब्दांवर चालणाऱ्या व्यवसायांची चिन्हे आहेत. तिसरे चिन्ह शब्दाची जागा घेणारे आहे.

कथेचा आरंभ एका क्षुल्लक वाटणाऱ्या मृत्यूने होतो. माबे नावाच्या गरीब शेतकऱ्याने उमरावाच्या रानातील एक पक्षी चोरला, म्हणून त्या उमरावाच्या रानरक्षकाने त्याला ठार केले. आंद्रेचा मित्र फिलिप द व्हिलमोराँ धर्मोपदेशक होण्याच्या मार्गावर आहे. तो याचा जाब विचारायला जातो. उमराव मार्की द ला तूर दाझीर त्याला चिथावून द्वंद्वात ओढतो व मारतो. मारण्याचे कारण मार्की लपवीत नाही : या तरुणाचे वक्तृत्व धोकादायक आहे. ज्याच्या शब्दांना उत्तर नाही त्याला तलवारीच्या मैदानात आणायचे, ही मार्कीची पद्धत. मित्राच्या प्रेतापाशी आंद्रे ठरवतो की मेलेल्याचा आवाज आपण व्हायचे. एरवी तो क्रांतीच्या तत्त्वांबद्दल साशंक आहे. तरीही रेन आणि नांत या शहरांत जनसमुदायापुढे तो फिलिपचेच विचार मांडतो आणि समुदाय पेटून उठतो.

यापुढची कथा म्हणजे या प्रतिज्ञेचा उपरोध आहे. पकडले जाऊ नये म्हणून आंद्रे बिने याच्या फिरत्या नाटक मंडळीत शिरतो आणि इटालियन मुखवटानाट्यातील 'स्कारामुश' या सोंगाची भूमिका करू लागतो. मंडळी सोडावी लागल्यावर पॅरिसमध्ये तो एका तलवारशाळेत साहाय्यक म्हणून राहतो. तेथील जुने ग्रंथ वाचून, बुद्धिबळातील चालींप्रमाणे आगाऊ मोजलेल्या हालचालींची एक पद्धत तो स्वतःच रचतो. पुढे क्रांतीच्या प्रतिनिधिसभेत त्याला बोलावले जाते तेही वक्तृत्वासाठी नव्हे. सभेतील सामान्य वर्गाच्या प्रतिनिधींना उमराव एकेक करून द्वंद्वाला आव्हान देत असतात व मारत असतात. त्यांना थोपवणारा हात हवा असतो. जो आवाज व्हायला निघाला, त्याची तलवार झाली. मराठीत 'पटाईत' या शब्दाच्या पोटात पट्टा चालवण्याचे कौशल्य दडलेले आहे आणि आज आपण तो बोलण्यात पटाईत असलेल्यालाही लावतो. आंद्रेचा प्रवास मात्र उलट दिशेचा आहे : जिभेच्या पटाईतपणाकडून हाताच्या पटाईतपणाकडे.

शेवटी कळते की मार्की हाच आंद्रेचा जन्मदाता आहे. त्याआधी दोघांचे द्वंद्व झालेले असते, पण त्यात मार्की केवळ हाताला जखमी होतो. सूड पुरा होत नाही आणि पुरा न झाल्याचे समाधान मानावे लागते. ज्या व्यवस्थेविरुद्ध नायक उभा राहिला, तिचेच रक्त त्याच्या अंगात निघते.

३

या कादंबरीवर पहिला महत्त्वाचा चित्रपट १९२३ मध्ये रेक्स इंग्रॅम यांनी केला. रामोन नोव्हारो हा त्यातील नायक, लुइस स्टोन हा मार्की. हा मूकपट होता. ज्या कादंबरीचा विषयच वक्तृत्व, तिचे पहिले माध्यमांतर आवाजाविना व्हावे, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. मूकपटात भाषण ऐकू येत नाही. दिसतो तो वक्त्याचा देह आणि समुदायावर झालेला परिणाम. इंग्रॅम यांचा भर क्रांतीच्या समुदायचित्रणावर आहे आणि पितापुत्रसंबंधाचे रहस्यही त्यांनी कायम ठेवले आहे. शब्द गमावूनही शब्दाचे सामाजिक बळ या चित्रपटाला दाखवता आले.

१९५२चा चित्रपट रंगीत व बोलपट आहे, पण त्याला भाषणात रस नाही. रोनाल्ड मिलर व जॉर्ज फ्रोशेल यांच्या पटकथेत मार्कीचे नाव बदलून नोएल, मार्की द मेन असे झाले. ही भूमिका मेल फेरर यांनी केली, तर स्टुअर्ट ग्रेंजर हे आंद्रे झाले. येथे मार्की आंद्रेचा पिता न राहता भाऊ ठरतो. फिलिपचा अपराध आता क्रांतिपत्रके लिहिण्याचा आहे. तलवारविद्या आंद्रे ग्रंथांतून शिकत नाही. प्रथम तो मार्कीच्याच गुरूकडे चोरून शिकतो आणि मग त्या गुरूच्या गुरूकडे जातो. प्रतिनिधिसभा तर केवळ शत्रूला गाठण्याची जागा होऊन बसते : रोज कोणीतरी उमराव आव्हान देतो, आंद्रे ते स्वीकारतो आणि दुसऱ्या दिवशी हजर राहतो, ज्याला शोधायचे तो मार्की मात्र तेथे भेटत नाही. हे प्रसंग विनोदी ढंगाने रंगवले आहेत.

प्रामाणिकपणाच्या कसोटीवर हा चित्रपट येथेच अनुत्तीर्ण ठरेल. परंतु त्यातील शेवटचे द्वंद्व पाहिल्यावर निर्णय इतका सोपा राहत नाही.

४

हे द्वंद्व सुमारे साडेसहा मिनिटे चालते. चित्रपटांतील प्रदीर्घ तलवारयुद्धांत त्याची गणना होते. त्याची आखणी बेल्जियन तलवारपटू जाँ हेरेमान्स यांनी केली. सिडनी यांनी १९४८ मध्ये 'द थ्री मस्केटिअर्स' केला तेव्हाही तलवारबाजीची बाजू हेरेमान्स यांच्याकडेच होती आणि त्या चित्रपटाचा नायक नर्तक जीन केली होता. 'शो बोट' (१९५१) यांसारखे संगीतपट करणाऱ्या दिग्दर्शकाला तलवारयुद्ध हे नृत्यासारखे रचायचे असते हे ठाऊक होते. मेल फेरर यांनीही रंगभूमीवर नर्तक म्हणून काम केलेले होते. म्हणून या द्वंद्वात नटांचे देह पायांपासून डोक्यापर्यंत दिसत राहतात. कॅमेरा केवळ पात्यांच्या टोकांवर किंवा चेहऱ्यांवर रेंगाळत नाही. पावलांची लय कळल्यावाचून हाताच्या वाराचा अर्थ लागत नाही, हे नृत्याप्रमाणे येथेही खरे आहे.

महत्त्वाचे आहे ते स्थळ. कादंबरीतील द्वंद्व पॅरिसबाहेरच्या रानात, मोजक्या साक्षीदारांसमोर होते. चित्रपटातील द्वंद्व नाट्यगृहात होते. प्रयोगासाठी आलेला मार्की प्रेक्षकांच्या सज्ज्यात बसला आहे. रंगमंचावरून स्कारामुशच्या पोशाखातला आंद्रे त्याच्याकडे झेप घेतो. मग सज्ज्यांच्या अरुंद कठड्यांवरून, मार्गिकांतून, जिन्यावरून, खुर्च्यांच्या रांगांमधून लढाई सरकत जाते आणि अखेर रंगमंचावर येऊन थांबते. नट प्रेक्षागृहात गेला आणि प्रेक्षकाला ओढून त्याने रंगमंचावर आणले.

येथे चित्रपटाने कादंबरीचे मर्म आपल्या पद्धतीने पकडले आहे. कादंबरीत आंद्रे तीन प्रकारच्या श्रोत्यांपुढे उभा राहतो : चौकातील जमाव, नाटकाचा प्रेक्षक आणि प्रतिनिधिसभा. झगा, पादत्राण आणि तलवार हे तीन भाग म्हणजे या तीन समुदायांपुढे केलेली तीन सोंगे होत. चित्रपटात हे तिन्ही समुदाय एका प्रेक्षागृहात एकवटतात. नटाच्या वेषातील मनुष्य तलवार चालवतो आणि भोवती जमाव बसलेला असतो. जे कादंबरीला तीन भागांत क्रमाने सांगावे लागले, ते येथे एका अवकाशात एकाच वेळी दिसते. काळाचे अवकाशात रूपांतर करण्याची चित्रपटमाध्यमाची शक्ती ती हीच.

दुसरीही एक गोष्ट घडते. चित्रपटाच्या पूर्वार्धात मार्कीने फिलिपला मारले ते एका घावात नव्हे. त्याला खेळवत, हिणवत मारले होते. अखेरच्या द्वंद्वात पारडे फिरू लागते तेव्हा प्रेक्षकाला तो जुना प्रसंग आठवतो, आणि तोही कोणत्या संवादामुळे नव्हे तर हालचालींच्या साधर्म्यामुळे. मार्की निःशस्त्र होतो. परंतु अखेरचा घाव घालण्यासाठी आंद्रेचा हात पुढे होत नाही. त्याला कारण कळत नाही. मार्की आपला भाऊ आहे हे त्याला नंतर समजते. कादंबरीत जे ज्ञान बुद्धीला होते, ते येथे आधी हाताला होते. ही भर साधी नाही.

५

एवढे श्रेय दिल्यावर हानीचाही उल्लेख स्पष्टपणे केला पाहिजे. साडेसहा मिनिटांचे ते द्वंद्व पाहताना प्रेक्षक श्वास रोखतो, तोल सांभाळणाऱ्या पावलांकडे पाहतो आणि हे सारे कशासाठी चालले आहे ते बहुतांशी विसरतो. पडद्यावरील प्रेक्षागृहाला तर कारण माहीतच नसते. त्यांच्यापुरता तो एक अनपेक्षित खेळ आहे. पडद्याबाहेरचा प्रेक्षकही हळूहळू त्यांच्याच पंक्तीला जाऊन बसतो. कौशल्याचा आनंद कारणाची आठवण पुसतो, हा या चित्रप्रकाराचा स्वभावधर्म आहे. चांगला चित्रपट त्यावर मात करण्याची काही युक्ती शोधतो. येथे ती हालचालींच्या पुनरावृत्तीत सापडली. पण त्या युक्तीने आठवतो तो फिलिप. माबे आठवत नाही, कारण चित्रपटात माबे नाहीच.

गाळलेल्या प्रसंगांमध्ये येथे भेद करावा लागतो. तलवारशाळेतील ग्रंथ गेले, बिनेच्या मंडळीतील अनेक तपशील गेले, पित्याचा भाऊ झाला. या बदलांनी कथेची चव बदलते, पण कार्यकारणाची साखळी तुटत नाही. माबे गेल्याने साखळीची पहिलीच कडी निखळते. कादंबरीत फिलिप मरतो तो एका शेतकऱ्याच्या मरणाचा जाब विचारल्यामुळे. आंद्रेच्या सुडामागे मैत्री असली तरी तिच्या मुळाशी एका पक्ष्याच्या मोलाने हिरावलेला जीव आहे. चित्रपटात पत्रकातील तत्त्वे आहेत; ज्याच्यासाठी ती तत्त्वे हवीत तो मनुष्य नाही. त्यामुळे क्रांती ही पार्श्वभूमी होते, सूड खाजगी होतो आणि शेवट नेपोलियनला घेऊन केलेल्या एका विनोदावर आटोपता येतो.

साहसकादंबरी आणि तिचा चित्रपट वर्गात एकत्र अभ्यासायचे झाल्यास विद्यार्थ्यांना फरकांची यादी करायला सांगून फारसे हाती लागणार नाही. कोणता फरक माध्यमाच्या गरजेतून आला, कोणत्या फरकाने मूळ प्रश्न नव्या रीतीने उजळला आणि कोणत्या फरकाने तो प्रश्नच नाहीसा झाला, अशी तिहेरी विभागणी करणे अधिक उपयुक्त ठरेल. 'स्कारामुश'मध्ये या तिहींची उदाहरणे एकाच कृतीत मिळतात. नाट्यगृहातील द्वंद्व हे माध्यमाने मूळ कृतीला दिलेले दान आहे आणि माबेची अनुपस्थिती हे तिच्याकडून घेतलेले मोल. दोन्ही नोंदी एकाच वहीत मांडल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.