‘पैसे घ्यायला पिन टाका’ म्हणे!

विरार स्टेशनबाहेर संध्याकाळच्या गर्दीत वडापावच्या गाडीवाल्याला गिऱ्हाइकाचा मोबाइल बघायला सवड नसते. स्कॅनरशेजारचा स्पीकर रक्कम बोलला की वडापाव हातात. हिरवी टिक दाखवून कुणी निघू लागलाच, तर ‘थांबा, अजून वाजलं नाही’ ऐकावं लागतं. हा संशय रास्तच. पैसे न भरता ‘पेमेंट झालं’ असं दाखवणारी बनावट ॲप्स फिरतात.

पण जिथे खरा संशय यायला हवा, तिथे माणसं बेसावध असतात. जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला की लगेच ‘गिऱ्हाईक’ फोन करतं: क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, शिल्लक बघताना लागतो. घेताना कधीच लागत नाही. अनोळखी माणसाने थेट पैशांची मागणी पाठवण्याची ‘कलेक्ट’ सोय १ ऑक्टोबर २०२५पासून बंद झाली, पण क्यूआरची थाप चालूच आहे. फसगत झालीच, तर लाजत बसू नये. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

‘मोबाइल गेला म्हणजे पैसे गेले’ हाही घोळच. पैसे बँकेत असतात, ॲप ही नुसती खिडकी. मात्र यूपीआय लाइटमध्ये ठेवलेल्या रकमेतून हजारापर्यंतचं पेमेंट पिनशिवाय होतं, म्हणून सिम आणि यूपीआय तातडीने बंद करायचं.

आणि ते ‘अडकलेले’ पैसे? खात्यातून गेले, दुकानदाराकडे पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत; व्यक्तीला पाठवलेले असतील, तर दुसऱ्याच दिवशी. उशीर झाला की बँकेला रोजचे १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हे माहीत नसल्याने कितीतरी जण तक्रारच करत नाहीत.

एप्रिल २०२५मध्ये दोन हजारांवरच्या यूपीआयला जीएसटी लागणार, अशी आवई उठली. अर्थ मंत्रालयाने ती लगेच खोडून काढली. हा कर शुल्कावर लागतो. यूपीआयने दुकानदाराला पैसे देण्यावरचं शुल्क तर जानेवारी २०२०पासून शून्य आहे.

राहिला ‘स्मार्टफोनशिवाय जमत नाही’ हा समज. अर्नाळ्याच्या मासळीवालीकडे साधा बटणांचा फोन असला, तरी खात्याला नंबर जोडलेला असेल तर *९९# लावून तिला पैसे पाठवता येतात, तेही इंटरनेटशिवाय.