दमा आणि शरीरातील दवंडी

विद्यार्थिमित्रहो, बहुतेक प्रत्येक शाळेत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असते की, जी खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेस बसून राहते. धानाची मळणी सुरू झाली, थंडीची पहाट पडली किंवा साधे पडसे झाले, तरी तिला धाप लागते, छातीत शीळ वाजू लागते व रात्री अंथरुणावर उठून बसावे लागते. "छाती नाजूक आहे," एवढे बोलून घरची मंडळी स्वस्थ होतात. परंतु दमा हा नाजूकपणाचा विकार नसून मुख्यतः चुकीच्या वर्दीचा विकार आहे. ही वर्दी कोण देतो व ती कशी थांबवावी, हे समजले तर उपचारातील पुष्कळ चुका टळतील. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या जंगलालगतच्या गावात वाघ दिसला म्हणजे कोतवाल दवंडी पिटतो आणि लोक काठ्या घेऊन धावतात. शरीरातही अशीच व्यवस्था आहे. एका पेशीने दुसरीस निरोप धाडावयाचा झाल्यास ती एक सूक्ष्म प्रथिन बाहेर सोडते. दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर त्या प्रथिनापुरतेच जणू एक कुलूप असते. किल्ली बसली की निरोप पोचला. या निरोप्या प्रथिनांस सायटोकाइन म्हणतात. त्यांपैकी एका मोठ्या गटास १९७९ साली इंटरल्यूकिन हे नाव मिळाले, व पुढे त्यांस क्रमांक देण्यात आले.

दम्यात तीन क्रमांक विशेष महत्त्वाचे आहेत. चौथ्याच्या आज्ञेने शरीर आयजीई नावाचे प्रतिद्रव्य तयार करू लागते. पाचवा इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींस बोलावतो व पोसतो. तेराव्यामुळे श्वासनलिकेत चिकट कफ वाढतो आणि नलिका क्षुल्लक कारणानेही आवळू लागते. इओसिनोफिल या पेशी इओसिन नामक तांबड्या रंगाने रंगतात, म्हणून त्यांस ते नाव पडले. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ साली त्यांचे वर्णन केले.

ही सेना निसर्गाने व्यर्थ निर्माण केलेली नाही. अनवाणी चालणाऱ्याच्या पायातून शिरणारे अंकुशकृमी व तत्सम जंत यांच्याशी झुंज देण्यात तिचा मोठा भाग असतो. दमेकऱ्याच्या बाबतीत मात्र कोतवाल मांजराला वाघ समजतो. धुळीतील सूक्ष्म किडे, बुरशी, फुलांचे पराग यांपासून वस्तुतः काही भय नसते. तरी दवंडी पिटली जाते, सेना धावते आणि वाघ न सापडल्यामुळे आपल्याच घराची मोडतोड करते. श्वासनलिकेचे अस्तर सुजते, सोलवटते, आणि वाट अरुंद होते. सर्वच दमेकऱ्यांत या तीन निरोप्यांचे प्राबल्य असते असे नाही; पण पुष्कळांत, विशेषतः मुलांत, ते आढळते.

आता आपल्या प्रदेशाकडे पाहू. श्वासनलिकेच्या अस्तरास इजा झाली म्हणजे ते स्वतःच पहिली हाक मारते. त्या हाकेच्या प्रथिनांपैकी एकाचे नाव टीएसएलपी आहे. धूर, कोळशाची भुकटी व विषाणू यांमुळे ही इजा होते. चंद्रपूरच्या आसमंतात कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने व १९८३ पासून चालू असलेले मोठे औष्णिक वीजकेंद्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांची तपासणी केली, तीत चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथे अतिप्रदूषित स्थान ठरले. गडचिरोलीच्या वनात गिरण्यांचा धूर नाही, म्हणून तेथील हवा सर्वस्वी निर्मळ असते असेही समजू नये. बंद झोपडीतील चूल, मोहफुले वेचण्यासाठी पेटविलेला पालापाचोळा आणि पावसाळ्यात ओल्या भिंतीवर चढणारी बुरशी ही तेथेही आहेतच.

उपचारांविषयी पालकांनी एक भेद नीट ध्यानात घ्यावा. श्वासातून घ्यावयाच्या औषधांचे, ज्यांस आपण पंप म्हणतो, मुख्यतः दोन प्रकार आहेत. साल्ब्युटामॉलसारखे औषध आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते. म्हणजे कोंडलेले दार उघडते. परंतु दवंडी चालूच राहते. दुसरा प्रकार श्वासातून घ्यावयाच्या स्टेरॉइडचा. बेक्लोमेथासोन हे त्यांतील जुने औषध १९७२ पासून वापरात आहे. ते पेशीत शिरून निरोप्या प्रथिनांची उत्पत्तीच कमी करते. त्याचा गुण त्याच क्षणी जाणवत नाही, म्हणून लोक ते टाकून देतात. आणि सूज आतल्या आत वाढत राहते. पंपाची सवय लागते ही समजूत खोटी आहे. श्वासातून घेतलेली मात्रा अत्यल्प असते. घेतल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंड येत नाही. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने औषध बंद करू नये. मृगाच्या आरंभी आपल्याकडील काही लोक माशातून दिले जाणारे औषध घेण्यास हैदराबादेस जातात. श्रद्धेस आमचा विरोध नाही. पण त्याने दमा बरा होतो असे शास्त्रीय परीक्षेने सिद्ध झालेले नाही. निदान तेवढ्यासाठी रोजचा पंप तरी सोडू नये.

ज्यांस या औषधांनीही आराम पडत नाही अशा थोड्या रोग्यांसाठी निरोप्यासच वाटेत अडविणारी प्रतिद्रव्ये आता निघाली आहेत. पाचव्या इंटरल्यूकिनास पकडणाऱ्या मेपोलिझुमॅबचा इतिहास बोधप्रद आहे. २००० सालच्या प्रयोगात इओसिनोफिल पेशी घटल्या, पण दम्यावर परिणाम दिसेना. तेव्हा ते निरुपयोगी असे पुष्कळांस वाटले. पुढे २००९ साली इंग्लंडातील लेस्टर व कॅनडातील हॅमिल्टन येथील संशोधकांनी ज्यांच्या कफात याच पेशी वाढल्या होत्या असे रोगी निवडून घेतले, आणि दम्याचे झटके स्पष्टपणे कमी झाले. औषध तेच, निवड योग्य! २०१५ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. चौथ्या व तेराव्याचे कुलूप अडविणारे डुपिलुमॅब आणि टीएसएलपीला अडविणारे टेझेपेलुमॅब ही त्यानंतरची. ही औषधे फार महाग आहेत व तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यावयाची असतात. बहुसंख्य मुलांस त्यांची गरजच पडत नाही; साधा पंप नियमाने घेतला तरी पुरतो.

शेवटी विद्यार्थ्यांस दोन शब्द. दमा संसर्गजन्य नाही. दमेकरी मित्राजवळ बसण्यास भिऊ नका, आणि त्याच्या पंपाची थट्टा करू नका. तो एक वाक्यही धड बोलू शकत नसेल, ओठ निळे पडले असतील किंवा पंपाने उतार पडत नसेल, तर त्यास ताठ बसवा, पंप देत राहा, शिक्षकांस बोलवा व विनाविलंब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. जंगलातून रुग्णालयाची वाट लांबची असते, म्हणून विलंब परवडणारा नाही. योग्य औषध नियमाने मिळाल्यास मैदानाच्या कडेस बसलेला तो मुलगाही तुमच्याबरोबर धावू शकेल. त्यास खेळावयास बोलावणे तेवढे तुमच्या हाती आहे.