पहिले 512 बाइट

डी ड्राइव्हची जागा काढून सी ड्राइव्ह वाढवायला घ्यावा, मध्येच वीज जावी आणि काळ्या पडद्यावर ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’ एवढंच उरावं. फोटो, हिशेब, सगळं गेलं असं वाटतं. बहुतेकदा गेलेलं नसतं.

जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांत सगळा कारभार असतो. 446 बाइटांत संगणक सुरू करणारा चिमुकला प्रोग्रॅम, पुढच्या 64 बाइटांत कोणतं पार्टिशन कुठून सुरू होतं आणि केवढं आहे याची नोंद, शेवटी दोन बाइटांची खूण. सातबारा फाटला म्हणून शेत नाहीसं होत नाही, तसंच हे. नव्या जीपीटी पद्धतीत नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी टोकाला असते. 1983 च्या एमबीआरमध्ये ती सोय नव्हती.

म्हणून पहिलं पथ्य: त्या डिस्कवर काही लिहू नका. विंडोज ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारेल, तर साफ नकार द्या. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून ‘डीडीरेस्क्यू’ने दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत घ्या. मग ‘टेस्टडिस्क’ ही मोफत प्रणाली पार्टिशनांच्या खुणा हुडकून हरवलेली नोंद पुन्हा मांडू पाहते. फाइली सरकवण्याचं काम मात्र अर्धवट राहिलं असेल, तर ही युक्ती तोकडी पडते. तिथे तज्ज्ञच गाठावा. आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा.