कॉमर्सला गणित किती लागते?

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत अकरावीच्या अर्जांची गर्दी होते. कॉमर्स घेणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, गणित सोडता येतं ना?" येते. पण ते सोडल्यावर कोणते दरवाजे बंद होतात आणि कोणते उघडे राहतात, हे त्या वेळी कुणी सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच अभ्यासिकेतला एक मुलगा बारावी कॉमर्सला चांगल्या गुणांनी पास झाला. त्याला दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचे होते. अर्ज भरायला बसलो तेव्हा कळले की त्यासाठी बारावीत आणि सीयूईटी परीक्षेत गणित लागते. त्याने अकरावीत गणित सोडले होते. कारण विचारले तर म्हणाला, "सगळ्यांनी सोडलं, म्हणून मीही सोडलं." चूक त्याची एकट्याची नव्हती, आम्हीही त्याला वेळेवर सांगितले नव्हते. म्हणून हा लेख.

अकरावीतला निर्णय

राज्य मंडळाच्या कॉमर्स शाखेत पुस्तपालन आणि लेखाकर्म, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन हे विषय असतात. त्यांच्या जोडीला बहुतेक कॉलेजांत एक निवड करावी लागते: गणित व संख्याशास्त्र किंवा चिटणीसाची कार्यपद्धती, म्हणजे मुलांच्या भाषेत एस.पी.

एस.पी. घेतली म्हणून बी.कॉम. अडत नाही. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांत बी.कॉम.साठी बारावीत गणित असण्याची अट साधारणपणे नसते. सी.ए. होण्यासाठीही बारावीचे गणित सक्तीचे नाही. मात्र अर्थशास्त्र ऑनर्स, संख्याशास्त्र, डेटा सायन्स आणि विम्याचा धोका मोजणाऱ्या ॲक्च्युअरीचे शिक्षण, या वाटांवर गणित कुठे प्रवेशाची अट म्हणून, तर कुठे प्रवेश परीक्षेचा मुख्य भाग म्हणून आडवे येते.

कॉलेजमध्ये आणि परीक्षांत किती?

गणित सोडले म्हणजे कायमची सुटका झाली, हा मोठा गैरसमज आहे. मुंबई विद्यापीठाच्या प्रथम वर्ष बी.कॉम.ला अनेक वर्षे गणित व सांख्यिकी तंत्रांचा विषय सर्वांना होता. त्यात शेअर आणि म्युच्युअल फंडाचे हिशेब, व्याज, संभाव्यता, सहसंबंध, निर्देशांक आणि थोडे डेरिव्हेटिव्हही होते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विषयांची रचना बदलली आहे, तेव्हा आपल्या कॉलेजचा चालू अभ्यासक्रम मागून घ्यावा.

सी.ए. फाउंडेशनला चार पेपर असतात. त्यातला तिसरा पेपर १०० गुणांचा: ४० गुण व्यावसायिक गणित, ४० गुण संख्याशास्त्र, २० गुण तर्कक्षमता. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. म्हणजे अकाउंट्स कितीही चांगले असले तरी या पेपरात ४० च्या खाली गेलात तर नापास. बी.कॉम.ला ५५ टक्के मिळाले तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला जाता येते, हाही मार्ग लक्षात ठेवावा. पुढे एम.बी.ए. करायचे असेल तर राज्याच्या सीईटीतल्या २०० प्रश्नांपैकी ५० प्रश्न गणिती क्षमतेचे असतात.

पण या एम.बी.ए. सीईटीतले आणि फाउंडेशनमधले बरेचसे गणित सातवी ते दहावीच्या पायावर उभे आहे. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, व्याज, समीकरणे. दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'अर्थनियोजन' नावाचे प्रकरण आहे, त्यात जीएसटी आणि शेअरचे हिशेब आहेत. म्हणजे कॉमर्सचे गणित आपण शाळेतच शिकायला सुरुवात केलेली असते.

खरे लागणारे गणित

चार उदाहरणे पाहू.

एक, टक्केवारी. दुकानदाराने १००० रुपयांच्या वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढवली आणि मग २० टक्के सूट दिली. किंमत पुन्हा १००० झाली का? नाही. १२०० चे २० टक्के २४० होतात, म्हणून किंमत ९६० झाली. टक्के कशाचे, हा प्रश्न विचारायची सवय लागली की निम्मे व्यावसायिक गणित आले.

दोन, व्याज. ५०,००० रुपयांचे कर्ज, दोन वर्षे, '१२ टक्के फ्लॅट'. व्याज १२,००० आणि २४ हप्ते, प्रत्येकी सुमारे २,५८३ रुपये. ऐकायला स्वस्त वाटते. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ५०,००० वर घेतले जाते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर खरा दर वर्षाला २१ टक्क्यांच्या पुढे जातो. आपल्या वस्त्यांमधल्या किती आयाबहिणी असे हप्ते भरतात, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. हा हिशेब करता येणारा एक बी.कॉम. पोरगा गल्लीत असला तर फरक पडतो.

तीन, ना नफा ना तोटा. डब्याचा व्यवसाय आहे. महिन्याचे भाडे आणि पगार मिळून ३०,००० रुपये. एक डबा ८० ला विकतो, त्याला ५० खर्च येतो, म्हणजे हातात ३० राहतात. ३०,००० भागिले ३०, महिन्याला १००० डबे विकले तर तोटा नाही. हे साधे रेषीय समीकरण आहे.

चार, सरासरी. पाच जणांचे पगार १२, १२, १३, १३ आणि १०० हजार. सरासरी ३० हजार, पण चौघांना त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. मधला आकडा, म्हणजे मध्यक, १३ हजार आहे. 'आमच्याकडे सरासरी पगार ३० हजार' असे कुणी म्हणाले की मध्यक विचारावा.

यात डेरिव्हेटिव्ह कुठेच आले नाही. ते अर्थशास्त्रात आणि पुढच्या शिक्षणात लागते, उदाहरणार्थ एक नग जास्त काढल्याने खर्च किती वाढतो हे पाहायला. रोजच्या व्यवसायाला आणि अकाउंट्सला मात्र वरचे गणित पक्के असणे पुरते.

मग काय करावे?

पुढे काय करायचे हे पक्के नसेल तर अकरावीत गणित ठेवावे. दरवाजे उघडे राहतात. कारण फक्त भीती असेल तर सोडू नये, आधी सुट्टीत आठवी ते दहावीची पुस्तके पुन्हा सोडवून पाहावीत. घरची कामे, नोकरी किंवा आधीचा कच्चा पाया यामुळे खरेच झेपत नसेल तर एस.पी. घेण्यात कमीपणा नाही. पण मग टक्केवारी, व्याज आणि संख्याशास्त्राचा रोज अर्धा तास सराव स्वतःहून चालू ठेवावा. एक्सेल शिकावे, पण उत्तर साधारण किती यायला हवे याचा अंदाज आधी डोक्यात करावा.

अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनाही एक विनंती. जयंतीच्या वर्गणीचा जमाखर्च अकरावी-बारावीच्या मुलांना लिहायला द्या. अर्थसंकल्प आला की अनुसूचित जातींसाठीची तरतूद, झालेला खर्च आणि लोकसंख्येतले प्रमाण त्यांच्याकडून मांडून घ्या. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात हे प्रमाण ११.८ टक्के आहे. निधी कमी दिला, अशी घोषणा देणे सोपे असते. किती कमी, हे सांगायला गणित लागते.

बाबासाहेब १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे वाणिज्य व अर्थशास्त्राचे सिद्धार्थ महाविद्यालय १९५३ मध्ये सुरू झाले. आकड्यांशी आपले नाते जुने आहे. यंदा अकरावीचा अर्ज भरताना गणितासमोरच्या चौकटीकडे एकदा नीट पाहा आणि सगळ्यांनी सोडले म्हणून सोडू नका.