वारा आणि वाळू

वैशाखात गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे वैनगंगेचे पात्र पाहण्यासारखे असते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी ही नदी त्या दिवसांत आटून एका बाजूला सरते आणि वाळूचे विस्तीर्ण पटांगण उघडे पडते. वारा सुटला, की कोरड्या वाळूवर एकामागून एक बारीक वळ्या उमटतात. भूगोलात त्यांना ऊर्मिचिन्हे म्हणतात. प्रत्येक वळी वाऱ्याच्या वाटेत आडवी पडलेली असते. तिची वाऱ्याकडील बाजू मंद उताराची, तर पलीकडील बाजू अधिक उभी असते. त्यामुळे वारा थांबल्यावरही तो कोणीकडून आला आणि कोणीकडे गेला, हे जाणत्या माणसाला वाळू पाहून सांगता येते.

धूळ वाऱ्याबरोबर उंच चढते. वाळूचा कण मात्र जड असतो. तो थोडासा उचलला जातो, पुढे उडी घेतो आणि खाली आदळतो. एका गोटीने दुसरी गोटी उडावी, तसा त्याच्या आघाताने दुसरा कण उडतो. अशा असंख्य उड्यांनी वाळू पुढे जाते. जेथे वारा मंदावतो, तेथे ती साचते आणि तिची टेकडी होते. मग कण मंद उतारावरून माथ्यापर्यंत चढतात व पलीकडच्या उभ्या उतारावरून घसरतात. अशा रीतीने सारी टेकडीच हळूहळू पुढे सरकते. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश अभियंत्याने वाळवंटात हिंडून आणि प्रयोगशाळेत कृत्रिम वारा निर्माण करून या हालचालींचे नियम शोधले. त्याचा ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत वाळू आहे, वाराही आहे. मग येथे अशा टेकड्या का दिसत नाहीत? याचे कारण येथील अरण्य होय. साग, ऐन, मोह आणि बांबू यांची मुळे माती धरून ठेवतात, पालापाचोळा तिला झाकतो आणि झाडांच्या गर्दीत जमिनीलगतचा वारा दुबळा होतो. नदीपात्रातील वाळू तेवढी काही महिने मोकळी असते. पण पुराबरोबर तिच्यावरील खुणा पुसल्या जातात.

तथापि ही भूमी सदैव अशी नव्हती. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमानंतर नदीला प्राणहिता असे नाव मिळते आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीला मिळते. या प्राणहिता-गोदावरी खोऱ्याच्या तेलंगणातील भागात एक अतिप्राचीन वालुकाश्म आढळतो. टेकडीच्या उभ्या उतारावर घसरलेली वाळू जशी तिरपी बसते, तसे त्याचे थर तिरपे आहेत. हा एका वाळवंटाचा अवशेष असल्याचे भूवैज्ञानिक तपन चक्रवर्ती यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवून दिले. ते वाळवंट पन्नास कोटी वर्षांहून जुने आहे. त्या काळी पृथ्वीवर कोठेही झाड नव्हते, की गवताचे पाते नव्हते. वाऱ्याला अडवणारे काहीच नव्हते.

आकाशातील काही गोलांवर आजही तशीच उघडी भूमी आहे. १९७१ साली मरिनर-९ हे यान मंगळाभोवती फिरू लागले, तेव्हा सारा ग्रह धुळीच्या वादळाने झाकलेला होता. वादळ शमल्यावर घेतलेल्या छायाचित्रांत वाळूच्या टेकड्या दिसल्या. मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे. एवढी विरळ हवा वाळू हलवू शकेल काय, अशी शंका होती. पुढे एकाच जागेची निरनिराळ्या वेळची छायाचित्रे ताडून पाहिली, तेव्हा टेकड्या खरोखरच सरकत असल्याचे आढळले. २०१५ साली क्युरिऑसिटी ही यांत्रिक गाडी अशा टेकड्यांपाशी पोचली. त्यांना बॅग्नोल्डचेच नाव दिलेले आहे. तेथील वाळू काळसर आहे. कारण ती सह्याद्रीच्या काळ्या दगडासारख्या बेसॉल्ट खडकाचा चुरा आहे.

शनीचा उपग्रह टायटन दाट नारिंगी धुरक्याने वेढलेला आहे. त्याच्या विषुववृत्ताजवळचे काळे प्रदेश म्हणजे समुद्र असावेत, असा एके काळी तर्क होता. कॅसिनी यानाने रडारच्या लहरींनी धुरक्याआड पाहिले, तेव्हा २००५ साली तेथे समुद्राऐवजी वाळूच्या लांबच लांब रांगा दिसल्या. वाटेतील उंचवट्यांना त्या रांगा ज्या रीतीने वळसा घालतात, त्यावरून तेथील वाळू पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते, असे शास्त्रज्ञांनी ओळखले.

हे ज्ञान केवळ कुतूहलापुरते नाही. २००९ साली स्पिरिट ही मंगळावरील गाडी मऊ वाळूत रुतली, ती पुन्हा बाहेर निघालीच नाही. जेथे गाडी किंवा यान उतरवावयाचे, तेथील वाळू आधी जाणून घ्यावी लागते.

वैनगंगेच्या वाळूवरील बारीक वळी आणि टायटनवरील प्रचंड रांग ही दोन्ही वाऱ्याने उडवलेल्या कणांचीच कामे आहेत. भेद एवढाच, की वैनगंगेच्या काठाशी वाळूची वाट संपते. कारण तेथून झाडांची मुळे सुरू होतात.